देवगिरीला अर्धा तास पुरत नाही

"दौलताबाद वाटेतच आहे, अर्ध्या तासात होतो." छत्रपती संभाजीनगरात वेरूळसाठी गाडी ठरवताना हे हमखास ऐकायला मिळतं. त्यावर विश्वास ठेवू नका. अर्ध्या तासात हत्ती हौद आणि भारतमाता मंदिराचे खांब बघून होतात, चांदमिनार खालून बघून होतो (वर चढू देत नाहीत), आणि गाडीवाला हॉर्न वाजवायला लागतो. दौलताबादचा हा देवगिरी किल्ला ज्यासाठी अजिंक्य म्हणून ओळखला गेला ते सगळं खंदकाच्या पलीकडे आहे. तिथपर्यंत न जाता परतायचं असेल तर उतरूच नका, थेट वेरूळ गाठा.

शिखरापर्यंत जाऊन यायला नीट चालणाऱ्या माणसाला तीन ते साडेतीन तास लागतात. पायऱ्या सुमारे ७५०. तिकीटघर उघडताच आत शिरा. अकरानंतर काळा कातळ तापतो आणि वरच्या टप्प्यावर सावली जवळजवळ नाही. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या. खाऊ पिशवीच्या आत ठेवा, हातात पिशवी दिसली की माकडं झडप घालतात. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

आता अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा बोगदा. किल्ल्याची खरी परीक्षा इथेच आहे आणि नेमकी हिचीच माहिती कुणी धड देत नाही. चिनी महाल (गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह इथे कैदेत होता) आणि मेंढा तोफेचा बुरूज मागे टाकून खंदकावरचा पूल ओलांडला की कातळात खोदलेला हा बोगदा लागतो. तो वळत-वळत वर चढतो. पायऱ्या एका उंचीच्या नाहीत: एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी. शत्रूचा पाय चुकावा म्हणूनच त्या तशा आहेत आणि पाय आजही चुकतो. दोन वळणांनंतर उजेड संपतो. वटवाघळांची विष्ठा पायऱ्यांवर पडून निसरडं होतं, पावसाळ्यात वरून पाणीही झिरपतं. वास उग्र असतो, नाकाला रुमाल बांधा. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण होतं. त्यावर निखारे पेटवून आतला धूर आणि उष्णता शत्रूवर सोडत.

तिथे मोबाइलचा उजेड पुरत नाही, शिवाय एक हात अडकतो. कपाळाला बांधायची बॅटरी न्या आणि झोत पायांपुढे ठेवा. छताकडे मारला की वटवाघळं उठतात, मागचे लोक घाबरून ढकलाढकली करतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली आत असतील तर त्या बाहेर पडेपर्यंत थांबा. चढताना अंधारीतून जा, उतरताना बाहेरच्या पायऱ्यांनी या, उलट कधीच नको. उतरताना पुढच्या पायरीची खोली कळत नाही, घोटा मुरगळतो तो तिथेच. गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असेल तर जातानाही बाहेरचा जिना धरा. कमीपणा काही नाही, शिखर तेच आहे. आत उजेड दाखवण्याचे कुणी पैसे मागितले तर आकडा बाहेरच ठरवा. अंधारात घासाघीस करता येत नाही.

अंधारीनंतर गणपतीचं देऊळ आणि मग सरळ, दमवणारा चढ. बारादरी या वरच्या महालाशी बहुतेक लोक थांबतात. थांबू नका. वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. ते याच किल्ल्याचे किल्लेदार होते आणि एकनाथ महाराज त्यांच्याकडे शिकायला इथे आले. तिथून अंबरकोट, महाकोट, काळाकोट या तटांची मांडणी एका नजरेत कळते. इतका चढ चढल्याचं सार्थक तिथे होतं, शंभर टक्के.

गाडी "पाच ठिकाणं" या हिशेबाने ठरवू नका, फसाल. ठिकाणं मोजली की गाडीवाल्याला प्रत्येक ठिकाणी घाई असते आणि थांबण्याचे पैसे शेवटी निघतात. तास ठरवा: सकाळी सात ते संध्याकाळी सात, थांबणं आणि पार्किंग धरून. एकटेदुकटे असाल तर मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडकडे जाणारी एसटी बरी. दौलताबाद सुमारे १५ किलोमीटर, वेरूळ सुमारे ३०. गावाजवळ रस्ता दिल्ली दरवाजाच्या अरुंद कमानीतून जातो, सुटीच्या दिवशी तिथे गाड्या अडकतात. श्रावणात शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीची आणि सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी असते, ते दिवस टाळलेलेच बरे.

वेरूळ दुपारनंतर करा. कैलास लेणं पश्चिमाभिमुख आहे, ऊन तेव्हाच आत येतं. ३४ लेणी एका दुपारी होत नाहीत: १०, १२, १६ (म्हणजे कैलास) आणि २९ निवडा, उरलेल्या वेळात जैन लेण्यांतलं ३२. जैन लेणी १६ पासून बरीच लांब आहेत, देवगिरी चढलेल्या पायांनी चालत जाऊ नका, वाहन घ्या. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना कमरेच्या वर कपडा चालत नाही.

शहरातला बीबी का मकबरा आणि पाणचक्की दुसऱ्या दिवशी, सावकाश. दोन्ही सोपी आहेत.

मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद. बाहेरगावचे लोक हे दोन वार उलटे लक्षात ठेवतात आणि फाटकावरून परततात. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुटी घेतली असेल तर अजिंठा आधी उरका. सोमवार देवगिरी आणि वेरूळसाठी ठेवा, फक्त तो श्रावणातला नसावा.