बुल टेरियरच्या पिल्लाला माणसांत कसं आणायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

बुल टेरियरचं पिल्लू घरी आणलंय, आता त्याला माणसांत आणि कुत्र्यांत कसं वावरायला शिकवायचं आणि ट्रेनरकडे कधी द्यायचं? आमची ठमी बुल टेरियरच, आणि इथे ठाण्यात तिला ओळखणारे लोक मला हे सारखं विचारतात. कुणी घोडबंदर रोडच्या टॉवरमधून फोन करतं, कुणी उपवनला फेरी मारताना थांबवतं. उभ्या उभ्या सांगून होणारी ही गोष्ट नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पिल्लाला कुठे न्यायचं हे ठरवण्याआधी तुम्हाला त्याच्याकडून काय हवंय ते ठरवा. दिसेल त्या माणसाने त्याला कुरवाळावं आणि दिसेल त्या कुत्र्याशी त्याने खेळावं, हे माझ्या मनात कधीच नव्हतं. बाजूने रिक्षा जाऊ दे, पोरं ओरडत पळू देत, समोरचं कुत्रं भुंकू दे. ठमीने बघावं आणि माझ्याबरोबर पुढे चालावं, एवढंच मला हवं होतं. पुढचे सगळे निर्णय मी यावरून घेतले.

या जातीच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सने 1860 च्या सुमारास बुल टेरियर घडवला, तो झुंजींत वापरल्या जाणाऱ्या बुल-अँड-टेरियर, म्हणजे बुलडॉग आणि टेरियरच्या संकरातल्या, कुत्र्यांपासून. हिंक्सला देखणा, घरात शोभेल असा कुत्रा हवा होता. आज बुल टेरियर घरच्या माणसांवर अक्षरशः जीव ओवाळून टाकतो. पण ताकद आणि हट्ट गेलेला नाही आणि वयात आल्यावर अनेकांचं दुसऱ्या कुत्र्यांशी पटत नाही, नराचं नराशी तर बऱ्याचदा नाहीच. लहानपणी खूप कुत्र्यांत खेळवलं की हे होणार नाही, असं धरून चालू नका.

आता वेळेचा पेच. पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. लसींचे डोस मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात आणि अनेक डॉक्टर सांगतात, तोवर खाली नेऊ नका. डॉक्टरांची भीती खरी आहे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि आपल्या पार्किंगमध्ये, कट्ट्यावर कुठली कुत्री बसून गेली हे कळायला मार्ग नाही. पण चार महिने घरात कोंडलेलं पिल्लू पुढे लिफ्टच्या दारालाही घाबरतं, हेही तितकंच खरं. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने 2008 मध्येच भूमिका घेतली की पहिल्या लसीनंतर किमान आठवडा गेला की स्वच्छ, लस झालेल्या पिल्लांच्या वर्गात न्यायला हरकत नाही. आपल्या डॉक्टरांशी हे मोकळेपणाने बोला. मी मधला रस्ता धरला: बाहेर न्यायचं, पण पाय जमिनीला लावू द्यायचे नाहीत.

ठमीला ओढणीच्या झोळीत घेऊन मी तलावपाळीच्या बाकावर बसायचे. भेळेच्या गाड्या, फुगेवाले, वॉकर घेऊन चालणारे आजोबा, हेल्मेट घातलेली माणसं, बुरखा घातलेल्या बायका, शाळा सुटल्यावरचा गोंधळ, सगळं तिथे एका जागी बसून दिसतं. गोखले रोडवर हॉर्न ऐकवले. स्टेशनच्या गर्दीत मात्र मुद्दाम नेलं नाही, कारण तिथे मागे सरकायला जागा नसते. मागे सरकता येणं फार मोलाचं आहे. पिल्लाला एखाद्या गोष्टीची भीती वाटली की आपल्याला वाटतं, जवळ नेऊन दाखवावं म्हणजे भीती जाईल. उलट होतं. खिशात उकडलेल्या चिकनचे अगदी बारीक तुकडे ठेवा. नवं काही दिसलं की एक तुकडा. पिल्लू खातंय तोवर ठीक. तोंडाशी धरलेला तुकडाही नाकारला तर आपण फार जवळ आलोय. उठायचं आणि दहा पावलं मागे जायचं. माझ्या मते ही एक खूण ओळखता आली तर निम्मं काम झालं.

लोक हात लावायला येतातच. बुल टेरियरच्या त्या अंड्यासारख्या तोंडाचं सगळ्यांनाच कुतूहल असतं. मी ‘आज नुसतं बघा’ असं हसून सांगायचे. काही जणांना ते आवडलं नाही. तरी सांगाच. पाच पोरांनी एकदम घेरलेलं पिल्लू धीट होत नाही, त्याला फक्त सुटका नाही हे कळतं. एका वेळी एकच मूल, खाली बसून, आणि पिल्लू आपणहून पुढे आलं तरच.

ढोल-ताशांचं पाहा. गणपतीच्या आधी ठाण्यात पथकांचे सराव सुरू होतात, पाठोपाठ टेंभी नाक्याची नवरात्र, मग दिवाळीचे फटाके. फोनवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून त्याच वेळी जेवणाचं भांडं समोर ठेवायचं आणि आवाज दिवसादिवसांनी वाढवायचा. सरावाच्या मैदानाजवळ न्यायचं तर लांबच्या गल्लीत, आणि पुन्हा तीच खाण्याची परीक्षा. पिल्लू पावसाळ्यात आलं असेल तर साचलेल्या पाण्यापासून लांब ठेवा आणि डॉक्टरांना लेप्टोच्या (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) लशीबद्दल विचारा.

कुत्र्यांशी ओळख म्हणाल तर मी एकच मोठी, शांत, लसी पूर्ण झालेली लॅब्राडॉर निवडली. तिला नको असेल तेव्हा ती तोंड फिरवायची आणि ठमी त्यातून थांबायला शिकली. मोकळ्या मैदानात दहा कुत्र्यांत सोडून देणं मी कधीच केलं नाही आणि कुणाला सुचवणारही नाही. रस्त्यावरची कुत्री दिसली की रस्ता ओलांडायचा, ठमीने त्यांच्याकडे बघून माझ्याकडे बघितलं की शाबासकी आणि तुकडा. येऊरच्या बाजूला राहत असाल तर पट्टा कधीच सोडू नका. तिथे जंगल लागून आहे आणि बिबटे आहेत.

घरातलं शिकवणं वेगळं. बुल टेरियरला धाक घालून काही शिकवता येत नाही. तो एक तर खेळ समजतो नाही तर हटून बसतो. दोन-तीन मिनिटांचे छोटे धडे, दिवसातून अनेकदा, रोजच्या जेवणातलेच दाणे वापरून. दोरीची ओढाओढ जरूर खेळा, पण ‘सोड’ म्हटल्यावर सोडलं तरच खेळ पुढे सुरू. दात लागले की खेळ तिथेच थांबला, आपण उठून बाजूला. अंगावर उडी मारणं पहिल्या दिवसापासून नको, कारण आज आठ किलोचं असलेलं हे पिल्लू उद्या पंचवीस-तीस किलोचं होणार आहे आणि मजल्यावरच्या आजींना तेव्हा ते झेपणार नाही. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घ्या. जाळीदार मुसक्याचीही सवय खाऊ देत देत लावा, दवाखान्यात फार उपयोगी पडते.

दोन गोष्टी याच जातीच्या. स्वतःच्या शेपटीमागे गोल गोल फिरणं बघायला गंमत वाटते, घरात सगळे हसतात, व्हिडिओ काढतात. तसं करू नका. बुल टेरियरमध्ये हा चाळा कधीकधी असा जडतो की खाणंपिणं सुचत नाही. लक्ष दुसरीकडे वळवा आणि वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दुसरं, पांढऱ्या पिल्लांमध्ये बहिरेपणा बऱ्यापैकी आढळतो. झोपलेलं असताना मागून, हवा किंवा कंप जाणवणार नाही असा आवाज करून पाहा. एकाच कानाने ऐकू येत नसेल तर घरी कळत नाही, त्यासाठी बेअर नावाची तपासणी लागते. बहिरं पिल्लूही हाताच्या खुणांनी छान शिकतं, फक्त आपल्याला ते लवकर कळायला हवं.

‘या जातीवर बंदी आहे ना?’ असंही विचारतात. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींबद्दल परिपत्रक काढलं होतं, ते एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी रद्द केलं. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र वेळेत करा, सोसायटीत बोलताना कागद हातात असलेले बरे.

राहता राहिला ट्रेनर. महिनाभर पिल्लू ठेवून घेऊन ‘तयार करून’ देणाऱ्यांकडे मी कधीच देणार नाही. तिथे ते त्या माणसाचं ऐकायला शिकतं, तुमचं नाही, आणि तिथे काय घडलं हे आपल्याला दिसत नाही. घरी येऊन तुम्हाला शिकवेल असा माणूस शोधा. पहिल्याच भेटीत विचारा, ‘कुत्रा चुकला की तुम्ही काय करता?’ उत्तरात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), झटका, उताणं पाडून दाबून धरणं असलं काही आलं तर नमस्कार करून निघा. ‘मी ते सोपं करून पुन्हा करून घेतो’ असं म्हणाला तर पुढच्या रविवारची वेळ घ्या, आणि त्या दिवशी घरातले सगळे हजर राहा.