२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे हे कसे कळले?

दोनाचा एकतिसावा घात घेऊन त्यातून एक वजा केला की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ती मूळ आहे हे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, सेंट पीटर्सबर्गमध्ये दाखवून दिले. आजच्या विक्रमी मूळ संख्यांपुढे ही दहा अंकी संख्या अगदीच लहान. तरीही तिची तपासणी मला त्या विक्रमांहून मोलाची वाटते.

घातांक मूळ असला की संख्याही मूळ असते असे नाही. ११ मूळ आहे, पण दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केल्यावर येणारे २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. तेव्हा तपासणी अटळ आहे, आणि ती सरधोपट करायची तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, ४,७९२ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागेल.

इथे संख्येची घडणच मदतीला येते. समजा, एखाद्या मूळ संख्येने हिला निःशेष भाग जातो. मग त्या संख्येने दोनाच्या एकतिसाव्या घाताला भागल्यास बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार, त्या संख्येहून एकने लहान घातांक घेतला तरी दोनाच्या त्या घाताला बाकी १ च उरते. आणि ३१ मूळ असल्यामुळे हा दुसरा घातांक ३१ च्या पटीत असलाच पाहिजे. विभाजक विषम असणार, म्हणून तो ६२ च्या पटीपेक्षा एकने मोठा ठरतो. शिवाय दोनाच्या बत्तिसाव्या घाताला बाकी २ उरते, म्हणजे दोनाच्या सोळाव्या घाताच्या वर्गाला त्या विभाजकाने भागल्यास २ उरतात, आणि हे घडायचे तर विभाजकाला आठने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यावी लागते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात, आणि ४६,३४० च्या आत त्या पावणेचारशेही भरत नाहीत.

मी वहीत त्या क्रमाने लिहायला घेतल्या. ६३ मूळ नाही, २४९ ला तीनने भाग जातो; पहिली खरी उमेदवार ३११. भागाकार केला, बाकी ३५ आली. त्यानंतर ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५ आणि १२४१ या साऱ्या संयुक्त निघाल्या आणि पुढची मूळ संख्या थेट १३०३ वर भेटली. तिथे बाकी २२६. इतक्या विरळ चाळणीतून हे काम हाताने पुरे होऊ शकते, याची खात्री मला त्या दोन भागाकारांनी पटली.

हीच घडण संगणकालाही सोयीची पडते. नऊने भागल्यावर येणारी बाकी आपण अंकांची बेरीज करून काढतो, कारण दहाला नऊने भागल्यास १ उरतो. तसेच द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिलेल्या संख्येचे उजवीकडून एकतीस-एकतीस अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज केली की, भागाकार न करताच, २,१४,७४,८३,६४७ ने येणारी बाकी हाती लागते.