आमची वाटचाल : बुशपासून बेडपर्यंत

आमच्या वर्कशॉपची सुरुवातीची वर्षे एका मोठ्या कारखान्याच्या जॉबवर्कवर गेली. ड्रॉइंग तेच, बुश (धातूची आखूड नळी) तेच, टॉलरन्सही (मापात चालणारा फरक) तोच. चलन फाडले की आठवडा निर्धास्त जात असे. त्या काळाविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही.

ज्या मुलाला आम्ही टूल ग्राइंडिंग (हत्यारांना धार लावणे) हाताला धरून शिकवले, त्याने स्वतःची शेड टाकली आणि नगामागे थोडा दर पाडून आमचे सगळे काम उचलले. दर पाडणे धंद्यात नवे नाही. पण आमच्याच गेजवर तपासलेले आमचेच सॅम्पल त्याने आपले म्हणून दाखवले, हे आजही सलते. परचेस खात्याने साधे पत्रही पाठवले नाही. टेम्पो माल न उतरवता गेटवरून परत आला, तेव्हा आम्हाला कळले. कपाटे तयार बुशांनी भरलेली, बुशांसाठी आणलेल्या धातूच्या दांड्यांचे बिल थकलेले, आणि हितचिंतकांचा सल्ला एकच : तुम्हीही दर पाडा.

आम्ही पाडला नाही. धातू फिरवून कापणाऱ्या लेथ यंत्राचा बेड, म्हणजे सरकते भाग ज्यावर चालतात तो लांब पाया, झिजला की हाताने स्क्रेप करण्याचे, म्हणजे खरवडून पुन्हा सपाट करण्याचे, काम घ्यायचे ठरवले, तेव्हा त्या कामाचा आम्हाला गंधही नव्हता. गिअर कापणाऱ्या एका वयस्क गिऱ्हाइकाने, ज्यांना आम्ही काका म्हणतो, आपली लेथ निमूटपणे पाठवली. ‘बिघडली तर माझीच बिघडेल,’ एवढेच ते म्हणाले. पुढची कित्येक कामे त्यांच्याच शब्दावर मिळाली.

बेड सर्वांत जास्त झिजतो तो नग पकडून फिरवणाऱ्या चकजवळ, कारण हत्यार घेऊन सरकणाऱ्या सॅडलचा वावर तिथेच असतो. स्ट्रेटएजला (अचूक सरळ कडेच्या पट्टीला) निळा रंग लावून ती बेडवर फिरवायची, निळा उमटलेले उंचवटे कार्बाइड टिपच्या स्क्रेपरने खरवडायचे, पुसायचे आणि पुन्हा निळा लावायचा. एका फटक्यात निघतात ते जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). 25 मिमी चौरसात वीसेक ठिपके सारखे उमटेपर्यंत हेच चालते. सुरुवातीला भीतीने मनगट आखडत असे. हात बसल्यावर मात्र त्या कामातच अशी स्वस्थता मिळू लागली, जी भरलेल्या ऑर्डरबुकाने कधी दिली नव्हती.

इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये अचूक सपाट पृष्ठे तयार करण्याच्या रीतीवर निबंध वाचला. त्या रीतीत एकमेकींशी ताडून पाहायला धातूच्या प्लेटी तीन लागतात, कारण दोनच एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या बिनचूक जुळतात. आमचे आणि त्या कारखान्याचे नेमके तसेच जुळले होते.

नव्या मुलांना सांगणे आहे की नवे काम शिकायचे ते जुने हातात असतानाच शिकावे, आणि एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून अधिक काम घेऊ नये. शिवाय स्ट्रेटएज भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नये. ती आडवी ठेवून दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे 2/9 अंतरावर टेकू द्यावेत, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने फारशी वाकत नाही.

मध्यंतरी त्याच मुलाची लेथ बेडच्या कामासाठी आमच्याकडे आली. आम्ही ती रांगेतच घेतली आणि दर पूर्ण लावला.