नाव न घेता

इटलीतल्या स्ट्रॉम्बोली बेटाच्या धक्क्यावर उतरले आणि समोर काय, तर आपे! बॅगा, पाण्याचे खोके, माणसं, सगळा कारभार या तीनचाकीवर. गल्ल्याच एवढ्या अरुंद. (इटालियनमध्ये ‘आपे’ म्हणजे मधमाशी, हे इथे येऊन कळलं.)

सिसिलीच्या उत्तरेला समुद्रातून 924 मीटर वर आलेला हा ज्वालामुखी. पायथ्याशी पांढरी चौकोनी घरं, काळी वाळू आणि जेमतेम पाचेकशे माणसं. डोंगराला मात्र गावात ‘इद्दू’ म्हणतात. सिसिलीच्या बोलीत ‘तो’. मला आमची आजीच आठवली, आजोबांना जन्मभर ‘हे’ म्हणणारी.

पहिल्याच रात्री जेवताना खिडकीच्या काचा थरथरल्या. मी ताडकन उठले. घरमालकीणबाई पाव कापता कापता म्हणाल्या, “इद्दू.” झालं, एवढंच. वरच्या विवरात वायूचा फुगा फुटतो, तापलेले दगड उडतात. दर दहा-वीस मिनिटांनी हे सुरूच. गल्ल्यांत दिवे नाहीत, त्यामुळे टॉर्च बंद केला की आकाशातली लाली आणखीच उठून दिसते.

बेटाच्या पलीकडच्या जिनोस्त्रा गावाला रस्ता नाही, बोटीनेच जायचं. दोन दिवस समुद्र खवळलेला. राहिलंच ते.

तिसऱ्या दिवशी बाईंनी हातात झाडू दिला आणि गच्चीवर नेलं. इथे ना झरा, ना नदी. पाणी जहाजाने येतं, नाहीतर गच्चीवरचं पावसाचं पाणी खालच्या टाकीत साठवायचं. म्हणून ढग दिसले की आधी राख झाडायची. राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे हं. काळी, खरखरीत, काचेच्या चुऱ्यासारखी. झाडताना कर्रकर्र वाजते.

झाडता झाडता बाई 3 जुलै 2019 बद्दल सांगू लागल्या. दुपारी पावणेपाचच्या सुमारास मोठा स्फोट झाला, एक गिर्यारोहक गेला, लोक समुद्राकडे धावले. डिसेंबर 2002 मध्ये तर डोंगराचा उतारच समुद्रात कोसळून त्सुनामी आली होती. “भीती नाही वाटत?” मी विचारलं. त्यांनी माझ्या पायाखाली बोट दाखवलं.

“तो कोपरा राहिलाय.”

मी तो कोपरा झाडला. खाली टाकीच्या तोंडावरचं फडकं काढेपर्यंत पहिले थेंब आले.