गोठ्यामागचे राखेचे पोते

मार्चमधल्या एका दुपारी आमच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात फोन आला, की नऊ किलोमीटरवरच्या एका वस्तीवर कडब्याची गंजी पेटली असून गोठ्याच्या छपरानेही धरले आहे. आम्ही पोहोचेपर्यंत गंजी हातची गेली होती. जनावरे मात्र शेजाऱ्यांनी दावी कापून बाहेर काढली होती. कडबा वरून विझला तरी आतून धुमसत राहतो, त्यामुळे पेंढ्या उपसून भिजवता भिजवता अंधार पडला आणि घरमालकाच्या चुलतभावाच्या विहिरीवरून दोनदा पाणी भरून घ्यावे लागले.

आग विझण्याआधीच तिचे कारण मात्र ठरून गेले होते. भावकीत बांधावरून जुना वाद होता आणि सकाळी हाच चुलतभाऊ विडी ओढत गंजीजवळून जाताना कोणाला तरी दिसला होता. घरमालक फिर्याद द्यायला निघालाच होता. कारणाच्या रकान्यात ‘शॉर्ट सर्किट’ लिहून मोकळे होण्याची सवय आमच्यातही आहे, हे कबूल केले पाहिजे. पण इथे एका माणसावर आळ येत होता, म्हणून मी टॉर्च घेऊन पुन्हा गोठ्यामागे गेलो.

भिंतीवरची काजळी वर पसरट आणि खाली निमुळती होत गेली होती, आणि तिचे टोक जिथे जमिनीला टेकले होते ती जागा गंजीची नव्हती, गंजीपासून हातभर अलीकडची होती. तिथे ओघळलेली राख होती आणि तिच्या कडेला वितळून घट्ट झालेला पांढऱ्या प्लास्टिकचा गोळा. ते युरियाचे रिकामे पोते होते. घरच्या सूनबाईंनी सांगितले, की परवा पाहुणे असल्याने अंघोळीचा बंब पहाटेपासून बाभळीच्या ओंडक्यांवर चालू होता, आणि काल सकाळी त्यातली राख वाफ्यांसाठी पोत्यात भरून ठेवली होती. ‘हात लावून बघितला होता साहेब, गार होती,’ हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ते खोटे नव्हते. (पाणी तापवतो तोही बंब आणि आम्ही घेऊन गेलो तोही बंब, एरवी याचे हसू आले असते.)

पोत्यात न मावलेली राख न्हाणीमागच्या खड्ड्यात टाकलेली होती. ती मी सळईने उकरली. वरचा थर थंडगार होता, पण वीतभर खाली सुपारीएवढा एक काळा कोळसा निघाला आणि वाऱ्याची झुळूक लागताच तो सगळ्यांच्या देखत लाल झाला. राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि हवाही जेमतेमच आत सोडते, त्यामुळे जड लाकडाचा निखारा लवकर जळून संपत नाही आणि विझतही नाही. कधी कधी तो चार दिवसांनीही जिवंत सापडतो. इथे पोते वितळून राख ओघळली, निखारा उघडा पडला आणि वारा तर सुटलेलाच होता.

उंबऱ्यावर बसलेल्या आजी इतका वेळ गप्प होत्या. ‘रातीला विस्तव आम्ही राखंतच पुरायचो, आन सकाळी उकरून चूल पेटवायचो,’ त्या म्हणाल्या. ‘मला कळाया पायजे हुतं.’

राख घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी, तो डबा विटांवर, घर, गोठा आणि गंजी यांपासून निदान 10 फूट लांब ठेवावा आणि चार दिवस त्या राखेला हात लावू नये, असे मी सूनबाईंना सांगितले. डबा घरात ठेवू नये, कारण धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. गरम राखेवर एकदम पाणी ओतले तर वाफेबरोबर ती तोंडावर उडते, हेही बजावले.

अहवालात कारण लिहिले: ‘बंबातील न विझलेली राख’. घरमालकाने ते दोनदा वाचून घेतले आणि विहिरीवरची मोटर बंद करायला गेलेल्या चुलतभावाची वाट पाहत तो गोठ्यामागेच उभा राहिला.