घरमालकांनी कारुइझावा उघडली

भारतात जायचं तिकीट निघालं की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात आधी काका जागे होतात. दोन ओळी खुशालीच्या, आणि तिसरी मुद्द्याची: "नारिताला हिबिकी दिसली तर बघ गं." हल्ली त्यांच्या जोडीला एक मामेभाऊ, नवऱ्याचे दोन जुने मित्र आणि सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत. कस्टमवाले माणशी दोन लिटर सोडतात हे त्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. विमानतळावरचं ते शेल्फ बहुतेक वेळा रिकामं असतं, हे मात्र कुणाला पटत नाही. "जपानात राहतेस आणि जपानी व्हिस्की मिळत नाही म्हणजे काय?"

म्हणजे असं, की टोकियोतल्या मोठ्या दुकानांत यामाझाकी किंवा हाकुशू घ्यायची तर आधी सोडतीत नाव द्यावं लागतं. नंबर लागला तर छापील भावात एक बाटली. नाही लागला तर शेजारच्या दुकानात काचेच्या कुलूपबंद कपाटात तीच बाटली चढ्या भावाने उभी असते. एप्रिल 2024 मध्ये या व्हिस्की बनवणाऱ्या सनटोरी कंपनीने छापील भावही वाढवले. यामाझाकी 12 वर्षंवाली 10,000 येनची 15,000 झाली, 18 वर्षंवाली 32,000 वरून 55,000 वर गेली, आणि 25 वर्षंवालीने 1,60,000 वरून थेट 3,60,000 गाठले. वर कर वेगळा. येनमधले आकडे रुपयांत निम्मे धरा, तरी काका गप्प बसतील.

पण आजची गोष्ट काकांनी कधी मागितलीच नाही अशा बाटलीची आहे. कारुइझावा. हे नाव आमच्या ग्रुपवर कुणाला माहीत नाही, ते बरंच आहे.

आम्ही टोकियोच्या उत्तरेला सायतामात राहतो, वरच्या मजल्यावर. खाली घरमालक आणि त्यांची बायको. दोघंही सत्तरी ओलांडलेली. आजोबांनी सगळी नोकरी छापखान्यात काढली. भाडं वेळेवर, कचरा योग्य वारी योग्य पिशवीत, एवढ्या दोन गोष्टी आम्ही सांभाळल्या आणि त्या बदल्यात आम्हाला दोन आजी-आजोबा मिळाले. दिवाळीचा फराळ खाली जातो, खालून पर्सिमन आणि घरचं लोणचं वर येतं.

इथे टपालपेटीत जुनी दारू विकत घेणाऱ्यांची पत्रकं येतात. घरात पडून असलेल्या बाटल्या दाखवा, रोख पैसे घेऊन जा. एका पत्रकावरच्या फोटोत आजोबांना आपल्या कपाटातली बाटली दिसली. त्यांनी मुलाला फोन लावला, मुलाने इंटरनेटवर भाव बघितला आणि म्हणाला, हात लावू नका, मी रविवारी येतो. आजोबांनी शनिवारी आम्हाला खाली बोलावलं.

"तो आला की विकणार," ते म्हणाले. "त्याआधी उघडू या."

बाटली होती कारुइझावा 17 वर्षं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कधीतरी दोघं मुलांना घेऊन उन्हाळ्यात त्या बाजूला गेली होती. टोकियोचा उन्हाळा असह्य झाला की माणसं कारुइझावा या थंड हवेच्या गावी पळतात. तिथून जवळच, नागानो प्रांतातल्या मियोता गावात, आसामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी ही डिस्टिलरी होती. आजोबांनी तिथे दोन बाटल्या घेतल्या. बायकोला न विचारता घेता येण्याइतक्या त्या तेव्हा स्वस्त होत्या (हे आजोबांचं माप. आजींच्या मते विचारायला हवं होतं). एक त्याच हिवाळ्यात संपली. दुसरी राहून गेली. जपून ठेवायची म्हणून ठेवलेली नव्हती, पुढे फ्राय पॅनचं खोकं आलं म्हणून मागे राहिली.

उघडताना बूच तुटलं. वाइन आडवी ठेवतात, व्हिस्की उभी. आडवी ठेवली तर तेवढ्या कडक दारूने बुचाचा भुगा होतो, आणि उभी ठेवली तर बूच वर्षानुवर्षं कोरडं पडत जातं. म्हणजे जुनी बाटली उघडताना धाकधूक आलीच. आजोबांनी अंगठा लावून हलकेच पिळलं आणि वरची टोपी हातात आली, निम्मं बूच आत गळ्यात. चौघंही एकदम "आ!" म्हणालो. आजी शांतपणे उठल्या, ड्रॉवरमधून टूथपिक आणि चहाची गाळणी घेऊन आल्या. उरलेलं बूच तुकड्यातुकड्याने निघालं, काही चुरा आत पडला, आणि ती बहुमोल व्हिस्की आमच्या पेल्यांत चहाच्या गाळणीतून उतरली. लिलाववाल्यांनी हे बघितलं असतं तर त्यांना घेरी आली असती.

मी जाताना बाकरवडी नेली होती. आजोबांना ती मनापासून आवडते, पण त्या दिवशी त्यांनी डबा उचलून फ्रिजवर ठेवला. "नंतर." मसाल्याचा वास नाकात बसला की व्हिस्कीचं काही कळत नाही म्हणे. समोर फक्त पाणी आणि मीठ न लावलेले अक्रोड. बर्फही नाही. जपानी बार म्हटलं की लोकांना तो हाताने तासलेला गोल बर्फाचा गोळा आठवतो, पण आजोबांचं मत असं की बर्फ रोजच्या व्हिस्कीला. इथे आपला पेला आपण भरायचा नाही, शेजारच्याने भरायचा. तेव्हा आजोबांनी माझा भरला, मी त्यांचा. दोन्ही वेळा दोन बोटांहूनही कमी. कानपाई (इथलं चिअर्स) म्हणून झालं आणि लगेच कुणी प्यायलं नाही. नुसते पेले नाकाशी धरून बसलो.

रंग गडद, लालसर तपकिरी. वास आला तो मुरलेल्या मोरावळ्याच्या बरणीचं झाकण काढल्यासारखा: गोड, आंबूस, काळपट, आणि मागे ओल्या लाकडाचा. मग काळे मनुके, सुकवलेले आलुबुखार, अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा. एक घोट घेतला. आधी गोड, मग एकदम कोरडं, जीभ हिरडीला चिकटावी इतकं. घोट गिळून झाल्यावर कुठूनतरी अगदी पुसट धूर. नवऱ्याला काडेपेटीची काडी ओढल्याचा वास आला. आजोबा खूश झाले, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत मुरवलेल्या व्हिस्कीत तो असतो म्हणाले. मग चमच्याने पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा. कोरडेपणा जरा मागे हटला आणि संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी वर आलं. आजींनी एकदा वास घेतला, "जुनं कपाट," असा निकाल दिला आणि आपल्या घरच्या उमेशुकडे, म्हणजे आंबट फळांच्या गोड दारूकडे, वळल्या.

आता ही इतकी महाग का, ते सांगते, कारण मला त्यातला विनोद आवडतो. कारुइझावा डिस्टिलरी सुरू झाली पन्नासच्या दशकाच्या मध्यात. पुढे मालकी मर्शान या वाइनवाल्या कंपनीकडे. गाळपाची भांडी लहान, बार्ली मुद्दाम मागवलेली गोल्डन प्रॉमिस जातीची, म्हणजे स्कॉटलंडवालेसुद्धा परवडत नाही म्हणून सोडून देत होते ती. पिंपं बरीचशी शेरीची. जागा समुद्रसपाटीपासून 800 मीटरांहून उंच, थंड, धुकट. अशा हवेत पिंपातली दारू सावकाश मुरते, उडूनही कमी जाते. आपल्या गोव्यात पॉल जॉनवाले माल्ट बनवतात, चांगलं बनवतात, पण तिथल्या उकाड्यात सतरा वर्षं पिंप ठेवलं तर शेवटी लाकडाची चवच हाती लागायची.

एवढं करून गिऱ्हाईक? नव्हतं. जपानात व्हिस्कीचा खप 1983 च्या सुमारास शिखरावर होता, आणि तिथून जो उतरला तो पाव शतक उतरतच गेला. लोक शोचू या देशी दारूकडे वळले, 1989 मध्ये दारूवरच्या कराची रचना बदलली, तरुणांना व्हिस्की म्हणजे वडिलांचं पेय वाटायला लागलं. कारुइझावाने 2000 साली गाळप थांबवलं. सायतामातल्याच हान्यू डिस्टिलरीनेही त्याच वर्षी. मोठ्या कंपन्यांनी बंद नाही केलं, पण उत्पादन आवरलं. 2008 नंतर सनटोरीने सोडा घालून हायबॉल प्यायची टूम पुन्हा रुजवली, एनएचके या सरकारी वाहिनीवर निक्का या व्हिस्की कंपनीच्या संस्थापकांच्या आयुष्यावरून एक सकाळची मालिका आली, 2014 च्या अखेरीस एका इंग्रज समीक्षकाने यामाझाकीच्या शेरी कास्कला जगात पहिला नंबर दिला आणि सगळं जग जपानी व्हिस्की मागायला लागलं. पण 18 वर्षं मुरलेली व्हिस्की हवी तर ती 18 वर्षांपूर्वी भरायला हवी ना! तेव्हा तर कुणी ढुंकून बघत नव्हतं. हिबिकी 17 ची विक्री 2018 मध्ये थांबली ती याचसाठी. पिंपंच नव्हती.

कारुइझावाची उरलेली 364 पिंपं 2011 मध्ये एका ब्रिटिश कंपनीने उचलली, एकेका पिंपाच्या बाटल्या भरल्या आणि नाव झालं. 1960 मध्ये गाळलेल्या एका पिंपातून 2013 साली जेमतेम 41 बाटल्या निघाल्या. त्यातली एक मार्च 2020 मध्ये सदबीजच्या लंडनमधल्या लिलावात 3,63,000 पौंडांना गेली. मियोतातल्या इमारती 2016 मध्ये पाडल्या. भांडी आधीच लिलावात गेली होती, त्यातलं एक शिझुओकातल्या एका नव्या डिस्टिलरीने पुन्हा गाळपाला लावलं.

आमची बाटली त्या रांगेतली नव्हे. ती साधी, दुकानात मिळायची तशी. पण लेबलवर 17 वर्षं म्हणजे आतला सगळ्यात कोवळा थेंबही तेवढा जुना. तेव्हा आम्ही प्यायलो ती 1980 च्या आसपास किंवा त्याआधीची, खप चढता असतानाच्या उत्साहात गाळलेली. विकली गेली ती कुणाला नको असताना. भाव आला डिस्टिलरी बंद पडल्यावर.

हे सगळं आजोबा सांगत असताना नवरा टेबलाखाली फोनवर घोटाचा भाव काढत होता. मला कोपराने ढोसून आकडा दाखवला. आमचं महिन्याचं विजेचं बिल, एका घोटात. दुसरा घोट मी नीट घेऊ शकले नाही, हे खरंच. आजोबांच्या लक्षात आलं असावं. "छापखान्यात आम्ही नोटा नव्हतो छापत," ते म्हणाले, "पण कागदावर आकडा छापला की काय होतं ते माहीत आहे." आणि माझा पेला पुन्हा भरला.

मी काही व्हिस्कीची जाणकार नाही. पण बँकेच्या लॉकरात, तापमान राखलेल्या गोदामात, विम्यासकट पडून असलेल्या बाटल्यांचा मला आता राग येतो. शेअर घ्या की त्यापेक्षा. शेअरमध्ये निदान कुणाची बार्ली, लाकूड आणि सतरा हिवाळे अडकून पडत नाहीत.

रविवारी मुलगा आला. खाली थोडा आवाज चढलेला ऐकू आला, मग बराच वेळ काही नाही, मग हसणं. संध्याकाळी आजी जिन्यात भेटल्या. "त्यालाही दिली," एवढंच म्हणाल्या.

उघडल्यावर बाटली फार ठेवण्यात अर्थ नसतो, अर्ध्याखाली गेली की हवा लागून वास उडत जातो. त्यामुळे त्या हिवाळ्यात आम्हाला अधूनमधून बोलावणं आलं. शेवटी बाकरवडीलाही परवानगी मिळाली, पण तिच्याबरोबर हायबॉल, आणि त्यात सनटोरीची साधी काकुबिन. काकुबिन इथे कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे किराणा-खाऊच्या छोट्या दुकानातही मिळते, वय वीस पूर्ण असल्याचं स्क्रीनवरचं बटण दाबलं की झालं. परवाना, ड्राय डे, काळी पिशवी यातलं काही नाही, याचं मला अजून अप्रूप आहे. आणि खरं सांगते, बाकरवडीबरोबर ती थंडगार काकुबिन अधिक चांगली लागते. काकांसाठी यापुढे तीच नेणार आहे. नवं नाव, कासवाच्या पाठीसारख्या नक्षीची चौकोनी बाटली, 1937 पासून चालत आलेली. जपानी व्हिस्की म्हणून कुठल्याही लेबलाला भुलू नका, एवढंही सांगणार आहे. इथल्या उत्पादकांच्या संघटनेने 2021 मध्ये नियम केले: गाळप जपानात, लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरवणं जपानात, बाटलीबंदही जपानात. त्याआधी बाहेरून आणलेली दारू जपानी अक्षरं लावून सर्रास विकली जायची, आणि हे नियम कायदा नसल्याने संघटनेबाहेरच्यांवर आजही बंधन नाही.

बाटली रिकामी झाली तेव्हा मी ती शोभेला मागितली. आजोबा नको म्हणाले. अशा रिकाम्या बाटल्या ऑनलाइन विकल्या जातात, त्यात भलतंच काही भरून पुन्हा बाजारात येतं. त्यांनी लेबलवर जाड काळ्या मार्करने आडवी रेघ मारली, नखाने एक कोपरा सोलला, आत पाणी घालून खळखळून धुतली आणि भिंतीवरचं कचऱ्याचं वेळापत्रक बघून मला विचारलं, "काच गुरुवारी ना?"

"बुधवारी," आजी आतून म्हणाल्या.