ओढत न्यायचं खुराडं: माझा अनुभव

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. चारी बाजूंनी जांभ्या दगडांचा गडगा आणि आत पाचेक गुंठ्यांचं आवार. कोंबड्या कायम मोकळ्या. सकाळी खुराड्याचं दार काढायचं, दिवसभर त्या आवारात चरायच्या, तिन्हीसांजेला आपणहून आत यायच्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही हापूसची नवी कलमं लावली आणि आळ्यांत घातलेला पाचोळा कोंबड्या रोज उकरायला लागल्या. एका कलमाची कोवळी मुळं उन्हात उघडी पडलेली दिसली, तेव्हा ठरवलं की यांना आवार द्यायचं, पण थोडंथोडं आणि आपण सांगू तिथे. म्हणजे बिनतळाचा जाळीचा पिंजरा करायचा आणि तो रोज पुढे ओढायचा.

पहिला पिंजरा बांबूचा होता. वर षटकोनी भोकांची कोंबडीजाळी ताणून तारेने बांधली. वजनाला इतका हलका की मी एकटी तो सरकवत असे. नऊ तलंगा (तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा त्यात मजेत होते. आठव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी विहिरीवर होते आणि कोंबड्यांचा एकच कलकलाट झाला. जमीन उंचसखल असल्यामुळे एका कोपऱ्यात चार बोटं फट राहिली होती. मुंगूस तिथून आत शिरलं. मी पोचेपर्यंत दोन तलंगा गेल्या होत्या.

मोकळी कोंबडी निदान पळते, फांदीवर उडून बसते. मी त्यांना कोंडून ठेवलं होतं आणि राखण मात्र केली नव्हती, हे मला फार लागलं. मी सगळा विचार रात्रीचा केला होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मुंगूस दिवसाचं, रानमांजर रात्रीचं. दोघांना एकच बंदोबस्त कसा पुरेल?" पुढचं सगळं काम त्यांच्या या एका वाक्यावर उभं राहिलं.

अमेरिकेत व्हर्जिनियातले शेतकरी जोएल सॅलाटिन असेच पिंजरे वापरतात: 10 फूट बाय 12 फूट, उंची फक्त 2 फूट, रोज एक घर पुढे. पण ते कुरणावर. आमच्याकडे दर दोन पावलांवर जांभ्याचा खडक डोकं वर काढतो. एवढी रुंद चौकट इथे कुठेच सपाट टेकणार नाही. मी 8 फूट बाय 4 फूट हे माप धरलं, उंची अडीच फूट. 32 चौरस फुटांत आठ पक्षी म्हणजे प्रत्येकाला 4 चौरस फूट. हे कमीच आहे, म्हणून रोज न चुकता जागा बदलायची आणि संध्याकाळी शेवटचा तासभर, मी स्वतः समोर बसून, त्यांना बाहेर सोडायचं. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, 32 ने भागला तर 34 जागा होतात. एका गुंठ्यात महिनाभर रोज ताजं गवत मिळतं आणि आधीच्या जागेला सावरायला वेळही.

फॅब्रिकेशनवाल्या दादांनी आधी 25 बाय 25 बाय 5 मिलिमीटरचा अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, सुचवला. मजबूत, यात शंका नाही. पण त्याचं वजन मीटरला 1.8 किलो, आणि आम्हाला लागणार होता साधारण 18 मीटर. नुसती चौकटच 32 किलोंची झाली असती. मी एक इंची चौकोनी पाइपाचा आग्रह धरला, 1.2 मिलिमीटर जाडीचा. तो मीटरला 900 ग्रॅम, म्हणजे चौकट 16 किलोंत बसली. जाळी मात्र हलकी घेतली नाही. कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवेलच असं नाही. म्हणून सगळीकडे अर्धा इंची वेल्डेड जाळी लावली.

राहिला फटीचा प्रश्न. चौकट कितीही सरळ केली तरी जमीन सरळ होत नाही. शेवटी चारही बाजूंना तळाशी एक-एक फूट रुंदीचे जाळीचे पदर बिजागऱ्यांनी जोडले. पिंजरा जागेवर आला की पदर जमिनीवर पसरायचे आणि वर जांभ्याचे तुकडे ठेवायचे. हलवताना पदर वर दुमडून आकड्याला अडकवायचे. मुंगूस भिंतीला चिकटूनच उकरतं आणि तिथेच त्याच्या पंजाखाली जाळी येते.

रात्रीची खोली वेगळी केली. पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला, जमिनीपासून दीड फुटावर, फळ्यांची बंद पेटी. आत चार फुटांच्या दोन आडव्या दांड्या. एका कोंबडीला आठ इंच धरले तर आठजणांना पुरून थोडी जागा उरते. तळाला जाळी, म्हणजे विष्ठा खाली पडते. चढायची फळी दोरीने वर ओढली की तीच दार होते. अंड्यांचा खण बाहेरून उघडतो. पेटी बरोबर चाकांच्या आसावर बसवून घेतली, हे मला सगळ्यात जमलेलं काम वाटतं. सगळं ओझं चाकांवर गेल्यामुळे पुढच्या मुठी उचलताना हाताला फार वजन येत नाही. आधी लावलेली छोटी चाकं पहिल्याच ओल्या मातीत रुतली. ती काढून हातगाडीची दहा इंची घातली.

ओढताना घाई करायची नाही. मागची आडवी पट्टी कोंबडीच्या पायावर येऊ शकते. मी सकाळी दाणे टाकण्याआधी ओढते. उपाशी कोंबड्या पुढच्या ताज्या गवताकडे आपोआप धावतात, मागे कोणी रेंगाळत नाही.

पावसाळ्याने आणखी एक बदल करायला लावला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. ताडपत्रीवर पाणी साचून पोट आलं आणि ती फाटली. आता अर्ध्या भागावर उतरता पत्रा आहे. जून ते सप्टेंबर पिंजरा उंचवट्यावरच फिरतो, कारण ओल्या, तुडवलेल्या जागेत रक्ती हगवण लगेच पसरते. मानमोडीला (राणीखेत रोगाला) मात्र जाळी अडवत नाही. तिची लस वेळेवर द्यावीच लागते. पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची लस, आठव्या आठवड्यात पुढची.

परवा सकाळी मुंगूस पुन्हा आलं. गडग्यावरून उतरलं, पिंजऱ्याला दोन फेऱ्या मारल्या, पदरावर पंजे मारले. सगळ्या तलंगा मधोमध एकमेकींना चिकटून उभ्या, कोंबडा मान ताणून ओरडत होता. मी लांबून बघत उभी राहिले, हातात काठी तयार. थोड्या वेळाने ते गडग्यापलीकडे गेलं. मी जाऊन चारही कोपरे तपासले. उत्तरेकडच्या पदराची एक बिजागरी सैल झाली होती, ती लगेच तारेने आवळली.